हान काळातील सेनाधिकाऱ्याची कारकीर्द चरित्रातून कशी उलगडावी

प्राचीन चीनच्या राजवंशीय इतिहासांतील चरित्रे पराक्रमाच्या प्रसंगांनी भरलेली असली, तरी अधिकाऱ्याची कारकीर्द समजून घेताना आधी सनावळी आणि पदनामे पाहावीत. उदाहरणादाखल इ. स. पहिल्या शतकातील चिनी सेनाधिकारी बान चाओ घेऊ. त्याचे चरित्र फान ये याने पाचव्या शतकात रचलेल्या उत्तर हान इतिहासाच्या 47व्या प्रकरणात आहे.

चरित्रात वर्षे सम्राटाच्या कालनामाने, म्हणजे राजवटीतील कालखंडाला दिलेल्या नावाने, मोजलेली असतात. योंगयुआन या कालनामाचे पहिले वर्ष म्हणजे इ. स. 89, म्हणून त्यातील वर्षात 88 मिळवावेत. चौदावे वर्ष 102 येते. जन्मवर्ष बहुधा दिलेलेच नसते, ते मृत्यूच्या वयावरून काढावे लागते. बान चाओ 102 मध्ये 71व्या वर्षी वारला. पारंपरिक चिनी गणनेत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जात असल्याने 71 नव्हे, 70 वजा करावेत, म्हणजे 32 हे वर्ष मिळते.

पदांच्या बाबतीत एकेक अक्षर तपासावे. तरुणपणी राजधानी लुओयांगमध्ये सरकारी नकला उतरवून पोट भरणाऱ्या बान चाओला दरबारी ग्रंथागारात लिपिकाचे पद मिळाले आणि गेलेही. चरित्र हे दोन ओळींत संपवते. इ. स. 73 मध्ये उत्तरेकडील भटक्या शिओंग्नू टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत तो 'जिया सिमा' होतो. 'सिमा' हे सैन्यातील पद, आणि 'जिया' म्हणजे प्रभारी. याच पदावर असताना, 36 माणसांनिशी शानशान या पश्चिमेकडील छोट्या राज्यात गेलेला बान चाओ वाऱ्याची दिशा पाहून रात्री शिओंग्नू दूताच्या छावणीला आग लावतो. वाचक सहसा त्या आगीतच रमतो; परंतु पुढच्या नेमणुकीत 'जिया' हा शब्द नाहीसा होऊन 'जुन सिमा' उरते, आणि माझ्या मते खरी बढती तेथे दिसते.

शेवटी श्रेणी पाहावी. ती 'शी' या धान्याच्या मापात सांगितली जाते, मात्र उत्तर हान काळात प्रत्यक्ष वेतन काही रोख, काही धान्य असे मिळे. इ. स. 91 मध्ये बान चाओ पश्चिम प्रदेशाचा (मध्य आशियातील राज्यांचा) महासंरक्षक झाला, आणि 102 मध्ये परतल्यावर राजधानीतील धनुर्धर तुकडीचा अधिकारी. दुसरे पद ऐकायला लहान वाटते, पण दोन्हींची श्रेणी 'दोन हजार शींच्या तोडीची' अशी एकच आहे. त्यामुळे त्याला पदावनती म्हणू नये. जिवंतपणी पश्चिम सीमेवरील यूमेन खिंडीच्या आत यावे, एवढीच त्याची विनंती होती. त्याची बहीण बान झाओ हिनेही त्यासाठी सम्राटाला अर्ज केला. आठव्या महिन्यात तो लुओयांगला पोहोचला आणि नवव्या महिन्यात वारला.