राखेच्या थरावरून प्राचीन हवामानबदलाचा काळ कसा ठरवावा: ठाणे-नवी मुंबईतील अभ्यासकांसाठी

गाळातील परागकणांवरून एखाद्या प्रदेशात पाऊस घटला हे कळते. परंतु तो केव्हा घटला आणि दूरच्या दुसऱ्या प्रदेशातही त्याच सुमारास घटला का, हे परागकण सांगत नाहीत. ज्वालामुखीची राख नेमकी या ठिकाणी उपयोगी पडते, कारण मोठ्या उद्रेकातील राख काही दिवसांत किंवा आठवड्यांत हजारो किलोमीटरवर जाऊन बसते आणि भूशास्त्रीय कालमापनात हा अवधी एका क्षणाइतकाच धरला जातो. अशा राखेला ‘टेफ्रा’ म्हणतात. ही संज्ञा आइसलँडचे भूशास्त्रज्ञ सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी 1944 साली रूढ केली. राख आपले वय सोबत घेऊन येते, असा समज पुष्कळ विद्यार्थ्यांचा असतो. प्रत्यक्षात आधी ती कोणत्या उद्रेकाची आहे हे सिद्ध करावे लागते आणि त्यानंतरच त्या उद्रेकाचे अन्यत्र निश्चित झालेले वय आपल्या थराला लावता येते.

ठाणे परिसरातील अभ्यासकाने प्रथम कोठे शोधू नये हे जाणून घ्यावे. आपल्याकडील डोंगर दख्खनच्या बसाल्टचे, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. रस्त्यासाठी कापलेल्या कातळात किंवा घाटात बसाल्टच्या दोन थरांमध्ये दिसणारा लाल मातकट पट्टा त्याच काळातील असून हिमयुगीन हवामानाशी त्याचा संबंध नाही. ठाणे खाडीचा वरचा चिखल याच्या उलट फारच तरुण आहे. तेथे पुढे सांगितलेली 74 हजार वर्षांपूर्वीची राख शोधणे व्यर्थ होय. भारतात या कामासाठी सर्वांत महत्त्वाची राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची आहे. त्याचा सर्वांत अलीकडचा महाउद्रेक सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्याची राख बंगालचा उपसागर, अरबी समुद्र, मध्य प्रदेशातील शोण नदीचे खोरे तसेच आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे आढळली आहे.

कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट ओलांडून जुन्नर तालुक्यात उतरल्यावर कुकडी नदीकाठचे बोरी हे गाव लागते. तेथील राखेचा थर आपल्याला सर्वांत सोयीचा, आणि शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघडही आहे. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात व नदीकाठचे छेद (गाळाचे थर उघडे दिसणारे उभे काठ) पाण्याखाली जातात, म्हणून हिवाळ्यात जावे. जमीनमालकाची परवानगी घ्यावी. या थराच्या संदर्भात अश्युली परंपरेची (अश्मयुगातील हातकुऱ्हाडींच्या परंपरेची) दगडी हत्यारे मिळालेली असल्यामुळे कोणताही घडीव दगड जागेवरून हलवू नये.

छेदासमोर उभे राहिल्यावर राख मूळची पडलेली आहे की वाहून आलेली, हे आधी तपासावे. मूळ थराची खालची सीमा धारदार असते, वरची सीमा मात्र हळूहळू गाळात विरते. नदीकाठी हे चित्र फार बिघडते: आकाशातून काही सेंटिमीटरच पडलेली राख पाऊस सगळ्या उतारांवरून गोळा करून खोलगट भागात साठवतो आणि कित्येक पट जाड थर तयार होतो. अशा थरात वाळूचे तिरपे पट्टे, गोटे किंवा मातीचे गोळे सापडले, तर तो थर उद्रेकानंतर केव्हातरी साचला, एवढेच म्हणता येते. शक्य असेल तेव्हा सरोवर किंवा खोल समुद्रातील गाळाला प्राधान्य द्यावे. तेथेही प्राणी गाळ वरखाली करतात; त्यामुळे काचकणांची (राख मुख्यतः ज्वालामुखीय काचेच्या अशा बारीक कणांचीच असते) संख्या जेथून एकदम वाढते, ती पातळी उद्रेकाची मानावी, जाड पट्ट्याचा मध्य मानू नये.

डोळ्यांना न दिसणारी राख शोधण्याची रीत वेगळी आहे. गाळाच्या उभ्या गाभ्यातून (नळीने काढलेल्या सलग नमुन्यातून) प्रथम पाच किंवा दहा सेंटिमीटरचे सलग तुकडे घ्यावेत आणि काचकण सापडलेला तुकडाच पुढे एकेक सेंटिमीटरने तपासावा. सेंद्रिय द्रव्य काढण्यासाठी नमुना सुमारे 550 अंश सेल्सिअसला भाजतात, चुना विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात आणि उरलेले सुमारे 25 ते 125 मायक्रॉनच्या चाळण्यांतून गाळून घेतात. त्यानंतर सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात कण वेगळे होतात: ज्वालामुखीय काच साधारण 2.0 ते 2.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेच्या टप्प्यात मिळते, तर 2.65 घनतेचे क्वार्ट्झ तळाशी जाते. भाजलेला नमुना केवळ कण मोजण्यासाठी वापरावा. उष्णतेने काचेचे रसायन बदलू शकते, म्हणून विश्लेषणासाठी त्याच पातळीचा न भाजलेला भाग आधीच बाजूला ठेवावा.

सूक्ष्मदर्शकाखाली काच ओळखताना कोकणातील अभ्यासकाने विशेष सावध राहावे. परस्परांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) काच काळी दिसते, हे लक्षण बरोबर आहे. पण भातासारख्या गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशींतील सिलिकाकणही तसेच काळे दिसतात आणि आपल्याकडील खाचरांच्या गाळात त्यांची रेलचेल असते. त्या कणांचा आकार पेशींच्या साच्यासारखा ठरावीक असतो. काचकणाला मात्र फुटलेल्या बुडबुड्यांच्या वक्र, धारदार कडा असतात. शंका राहिली तर कण मोजणीत धरू नये.

यापुढचे काम घरच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होणारे नाही. निदान वीसेक स्वतंत्र काचकणांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मशलाकेने (इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने रासायनिक रचना मोजणाऱ्या यंत्राने) विश्लेषण करून घ्यावे. शलाकेच्या माऱ्याने सोडियम पळतो, त्यामुळे शलाकेचा प्रवाह कमी ठेवून सोडियम आधी मोजला आहे का, आणि त्याच बैठकीत ज्ञात रचनेची काच तपासली आहे का, हे विचारावे. टोबाची काच सुमारे 77 टक्के सिलिका असलेली रायोलाइटी (सिलिकेने समृद्ध लाव्हाच्या प्रकारची) असते. अडचण अशी की टोबाच्या सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाच्या काचेतही मुख्य घटक जवळजवळ असेच असतात. अशा वेळी अल्पप्रमाण मूलद्रव्ये आणि कृष्णाभ्रकाची (बायोटाइट या काळ्या अभ्रकाची) रचना पाहणे आवश्यक ठरते. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत पर्यावरणीय चुंबकत्वाचे काम चालते. चुंबकीय गुणांचा आलेख थर जुळवण्यास मदत करतो, पण त्यावरून उद्रेकाची ओळख पटत नाही.

बोरीच्या राखेचे वय पोटॅशियम-आरगॉन मोजणीतून (खनिजातील किरणोत्सारी पोटॅशियमपासून काळानुसार आरगॉन साठत जातो, त्यावरून वय काढतात) आधी सुमारे 14 लाख, नंतरच्या मोजणीतून सुमारे 6.7 लाख आणि काचेच्या रसायनावरून सुमारे 75 हजार वर्षे सांगितले गेले. एवढी तफावत कशी पडू शकते, हे एका हिशेबाने कळेल. पोटॅशियमचे प्रमाण समान धरले, तर तरुण राखेत 6.6 कोटी वर्षांचे केवळ एक टक्का खनिज मिसळले तरी वय सुमारे 6.6 लाख वर्षांनी फुगते. बोरीच्या वादाचा निकाल या आकडेमोडीने लागत नाही. मात्र बसाल्टच्या प्रदेशात एकत्रित नमुन्याऐवजी एकेका स्फटिकाची आरगॉन-आरगॉन मोजणी (त्याच तत्त्वावरची, पण एका स्फटिकावरही करता येणारी) का मागावी, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

ओळख पटल्यानंतर हवामानाकडे वळावे. राखेच्या खाली व वर, त्याच गाभ्यातून परागकण, प्राणवायूची व कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांचे प्रमाण हवामानानुसार बदलते) यांची मोजणी करावी. दोन ठिकाणचे हवामानाचे आलेख आधीच एकमेकांवर जुळवून मग बदल एकाच वेळी झाला असे म्हणणे, हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य दोष आहे. त्यात उत्तर प्रश्नातच घातलेले असते. आलेख केवळ राखेने बांधावेत आणि बदल पुढेमागे सरकतात का ते पाहावे. आइसलँडच्या काट्ला ज्वालामुखीची सुमारे 12,100 वर्षांपूर्वीची ‘वेड्डे’ राख जर्मनीतील मेअरफेल्डर मार आणि नॉर्वेतील क्रोकेनेस या दोन्ही सरोवरांत सापडते. तिच्या आधारे 2013 साली दाखवण्यात आले की यंगर ड्रायस या थंड कालखंडाच्या मध्यातील बदल जर्मनीत नॉर्वेपेक्षा सुमारे 120 वर्षे आधी घडला. किरणोत्सारी कार्बनवरून वय काढताना राहणाऱ्या संभाव्य त्रुटीच्या मर्यादेत हा फरक सहज हरवला असता.

उद्रेकानेच हवामान बदलले का, हा प्रश्न निराळा ठेवावा. उद्रेकातील सल्फेटमुळे येणारा थंडावा सहसा काही वर्षांत ओसरतो. गाळ वर्षाला 0.1 मिलिमीटर साचत असेल तर एका सेंटिमीटरच्या नमुन्यात शंभर वर्षे एकत्र येतात, म्हणून असा नमुना त्या थंडाव्याविषयी होकारही देत नाही आणि नकारही. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या गाळात टोबाचे काचकण सापडले, तेव्हा राखेच्या पातळीवर लक्षणीय थंडावा दिसला नाही. अहवालात म्हणूनच नमुन्याची जाडी, साचण्याचा वेग आणि त्यावरून दिसू शकणारा सर्वांत लहान कालावधी, हे तीन आकडे निष्कर्षाच्या आधी लिहावेत. प्रत्येक काचकणाचे न सरासरलेले विश्लेषणही जोडावे, कारण उद्या त्याच रसायनाचा दुसरा उद्रेक ओळखला गेला तर तुमच्या थराचे वय त्याच तक्त्यावरून पुन्हा तपासले जाईल.