लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर निवडताना या चुका टाळा

पिन आत बसली, चार्जिंगचा दिवा लागला, म्हणजे अ‍ॅडॅप्टर बरोबर, असं धरून चालणारे लोक मला सतत भेटतात. लॅपटॉप बिघडल्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ या एका समजुतीत असतं.

ओळखीतल्या एका मुलीचा लॅपटॉप प्रबंध लिहायच्या ऐन दिवसांत अचानक रेंगाळायला लागला. कोणी अँटीव्हायरस बदलला, कोणी विंडोज नव्याने टाकून दिलं, शेवटी रॅमही वाढवून झाली. फरक शून्य. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मी फक्त चार्जरची वायर काढली, आणि बॅटरीवर तो पूर्वीसारखा पळायला लागला! मग अ‍ॅडॅप्टर उलटा करून पाहिला. १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट. लॅपटॉपला हवे होते ६५. मूळ अ‍ॅडॅप्टर हरवल्यावर घरातल्या जुन्या लॅपटॉपचा लावला होता, कारण पिन तीच होती. कमी ताकदीचा अ‍ॅडॅप्टर ओळखून लॅपटॉप प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो. ६५ वॉटचा लावला आणि तक्रार संपली. एवढ्या खटाटोपात लेबल मात्र कोणीच वाचलं नव्हतं, याचा मला अजूनही राग येतो.

लेबल वाचणारेही बरेचदा चुकीची ओळ वाचतात. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, १.५ अँपिअर’ ही भिंतीतून येणाऱ्या विजेची बाजू. २४० गुणिले १.५ करून ‘माझा अ‍ॅडॅप्टर ३६० वॉटचा’ असं सांगणारे मी ऐकलेत. आपल्या कामाची ओळ आउटपुटची. तिथले व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॉट मिळतात: १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५, आणि १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९०. व्होल्ट जुळायलाच हवेत; अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा चालतो, पण १२ च्या जागी १९ लावू नका. अँपिअर सारखे किंवा जास्त. गोल पिन असेल तर आत अधिक आणि बाहेर उणे की उलट, ते दाखवणारं चिन्हही पाहा.

‘जास्त वॉटचा लावला तर लॅपटॉप जळेल’ ही भीती सोडा. लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो.

यूएसबी-सी आल्यापासून गोंधळ वाढलाय. मोबाइलच्या चार्जरवर ६७ वॉट लिहिलंय म्हणून तो लॅपटॉपला लावतात. तो आकडा पुष्कळदा त्या कंपनीच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगचा असतो, तिच्याच फोनपुरता. लॅपटॉप पॉवर डिलिव्हरीच्या, म्हणजे यूएसबी-सीवरून किती वीज द्यायची-घ्यायची ते ठरवणाऱ्या सामाईक पद्धतीच्या भाषेत बोलतो आणि बहुतेकांना २० व्होल्ट लागतात. म्हणून चार्जरच्या बारीक अक्षरांत ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ अशी ओळ शोधायची. ती नसेल तर मी तो चार्जर लॅपटॉपसाठी घेत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

केबलकडे तर कोणी बघतच नाही. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतच. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. १०० वॉटचा चार्जर घेऊन ड्रॉवरमधली जुनी केबल जोडायची आणि चार्जरला नावं ठेवायची, हा अन्याय आहे.

दोन-तीन पोर्टांचा चार्जर असेल तर फोनही लावल्यावर लॅपटॉपच्या वाट्याचे वॉट घटतात. ६५ चे ४५ होणं नेहमीचं.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी घाई करू नये. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला १८०, २३० वॉट सहज लागतात. तिथे १०० वॉटचा यूएसबी-सी चार्जर ब्राउझरपुरता ठीक. गेम चालू केला की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते. पॉवर डिलिव्हरीची २०२१ ची आवृत्ती २४० वॉटपर्यंत जाते खरी, पण चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ती यायला हवी.

काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. अ‍ॅडॅप्टर किती वॉटचा ते लॅपटॉपला त्या सुईतून कळतं. ती वाकली किंवा तुटली, की पुरेशा वॉटचा अ‍ॅडॅप्टरही अनोळखी ठरतो आणि बॅटरी भरत नाही. म्हणून बॅटरी बदलण्याआधी मी बायोस (लॅपटॉप सुरू होताना, विंडोजच्याही आधी उघडता येणारा सेटिंगचा पडदा) उघडून तिथे अ‍ॅडॅप्टरचे वॉट दिसतात का ते पाहतो. आकड्याऐवजी ‘अनोळखी’ दिसलं, तर आधी दुसऱ्या मूळ अ‍ॅडॅप्टरवर लावून बघा.