वाफा आधी, बी नंतर: हिवाळी भाजीच्या तयारीची यादी

जमिनीत वाफे तयार नसतील तर बियांचं पाकीट फोडू नका. यादीतलं पहिलं कलम हेच, आणि पुढेही ते पुन्हा पुन्हा येईल. गेल्या हिवाळ्यात बाकी सगळं वेळेवर झालं आणि नेमकं हेच राहिलं. खिडकीतला ट्रे हिरवागार, आणि गावाबाहेरच्या अर्ध्या गुंठ्यावर गुडघाभर गवत. ज्याच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्याची रोपं आठ-पंधरा दिवस थांबू शकतात. मोठ्या पिशव्यांत हलवली की निभतं. दोन खोल्यांचं घर आणि उन्हाची एकच खिडकी असेल तर त्या पिशव्या ठेवणार कुठे? रोप तयार झालं की त्याच आठवड्यात ते घराबाहेर पडलंच पाहिजे.

रोप थांबलं तर काय बिघडतं, तेही समजून घ्या. प्रोट्रे म्हणजे रोपं करायचा कप्प्यांचा ट्रे, त्याचा कप्पा जेमतेम ४ सेंटिमीटरचा. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत लागवडीला येतं, तोवर मुळांनी तो कप्पा भरलेला असतो. त्यानंतर मुळं आतल्या आत गोल फिरतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि खिडकीतलं ऊन कमी पडल्याने शेंडा लांबत जातो. टोमॅटो त्यातूनही सावरतो, कारण लांबलेलं खोड मातीत खोल गाडलं तर त्यालाच मुळं फुटतात. फुलकोबी अजिबात सावरत नाही. वय झालेलं फुलकोबीचं रोप जमिनीत गेलं की पानांचा विस्तार होण्याआधीच त्याला बटणाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच ते थांबतं. मग कितीही खत घाला, पाणी घाला, तो गड्डा वाढत नाही.

वाफा तयार म्हणजे काय, हे नीट ठरवून घ्या. नुसती खणलेली जमीन म्हणजे वाफा नव्हे. गवत मुळासकट निघालेलं, खत मिसळलेलं, वाफे आखून बांधलेले, एकदा पाणी देऊन उगवलेलं तण पुन्हा काढलेलं आणि पाण्याची सोय प्रत्यक्ष चालवून पाहिलेली, इतकं झालं की वाफा तयार. यातलं एकही राहिलं असेल तर बी डब्यातच असू द्या.

आमच्या पुण्याकडच्या काळ्या जमिनीत हे काम मनात आलं म्हणून करता येत नाही. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. त्यानंतर जमीन वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या बेताच्या ओलीवर, यायला आणखी काही दिवस जातात. मूठभर माती दाबून पाहा. गोळा होऊन तो बोटाने सहज फुटला तर वाफसा आला. चिकट लाडूसारखा राहिला तर कुदळ ठेवा आणि घरी जा. ओल्या काळ्या मातीत घाई केली की ढेकळं पडतात, ती वाळून दगड होतात, आणि कोवळ्या मुळांना त्यांत शिरता येत नाही. उलट, वाफसा गेला आणि ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन तडकली तर कुदळही आत जात नाही. म्हणजे खणायला मिळतात ते मोजकेच दिवस. शनिवार-रविवारीच जाणाऱ्या माणसाचे ते सहज हुकतात. त्या दिवसांत एक सुट्टी टाकावी लागली तरी टाका.

गवतात लव्हाळा आणि हरळी वेगळी ओळखा. गाजरगवत उपटलं की संपतं (हातमोजे मात्र घाला, अनेकांच्या अंगावर त्याने खाज उठते). लव्हाळ्याची मात्र जमिनीत गाठ राहते. ती तुटली, राहिली, तर आठवड्यात पुन्हा वर. म्हणून लव्हाळा विळ्याने कापायचा नाही, कुदळीने खणून गाठी वेचायच्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळायला कुठली युक्ती नाही. वेचलेल्या गाठी आणि हरळीच्या कांड्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका; उन्हात कडक वाळवा.

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर भुसभुशीत, वास मातीचा. कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मातीत राहणारी अळी) येते आणि ती महिन्याभराने रोपाची मुळं खाते. प्रमाण चौरस मीटरला २ किलो धरा. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५० चौरस मीटर, म्हणजे १०० किलो. इतकं खत दुचाकीवरून एका खेपेत येत नाही, म्हणून त्याची व्यवस्था आधी लावा. वाफे ३ फूट रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. काळ्या जमिनीत ते ४ ते ६ इंच उंच, गादीवाफेच करा. अवकाळी पाऊस आला तर पाणी निथळतं.

वाफे झाले की एकदा भरपूर पाणी द्या आणि आठ-दहा दिवस काहीही लावू नका. वरच्या थरात दडलेलं तणाचं बी उगवतं, ते खुरप्याने हलकंसं खरवडून काढा. हे दिवस मोकळे दिसतात, म्हणून लोक याच वेळी रोपं लावून टाकतात आणि पुढे दोन महिने निंदत बसतात. याच खेपेला पाण्याचंही पाहून घ्या. नळ आहे एवढं पुरत नाही. दुपारी त्याला पाणी असतं का, पाइप शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतो का, तुम्ही नसाल त्या दिवशी पाणी कोण देणार? नव्या रोपाला पहिले दहा दिवस वरचेवर पाणी लागतं. त्या दहा दिवसांसाठी माणूस ठरलेला नसेल तर वाफा तयार नाही असंच समजा.

आता बी. आणि बियांच्या बाबतीत आधी हे ठरवायचं की घरात काय करायचं नाही. जागा नसलेल्या माणसाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. मुळा, गाजर, बीट, मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, घेवडा, गवार, भेंडी या सगळ्यांचं बी थेट जमिनीत पडतं. मुळा-गाजराचं रोप करून लावणं म्हणजे मूळ वाकडं करून घेणं. लसणाच्या पाकळ्या थेट टोचायच्या. कांदा रोपांचाच, पण १५ बाय १० सेंटिमीटरवर लावायचा म्हटलं तर एका चौरस मीटरला साठ-पासष्ट रोपं लागतात, आणि ती तयार व्हायला सहा ते आठ आठवडे. खिडकीत ते शक्य नाही. डिसेंबरात शेतकऱ्यांकडे कांद्याच्या रोपांच्या जुड्या विकत मिळतात, त्या घ्या. घरात फक्त चार पिकं: मिरची, वांगी, टोमॅटो, कोबीवर्गीय. यातही एखादं रोपवाटिकेतून आणलं तर काहीच कमीपणा नाही. मी मिरची आता विकतच आणणार आहे, कारण ती सहा आठवडे खिडकी अडवते.

बी घेताना पाकिटावरची तारीख सगळेच पाहतात. फुलकोबीला हंगामही पाहा. लवकरच्या आणि कडाक्याच्या थंडीतल्या जाती वेगळ्या असतात. थंडीची जात उन्हात लावली तर गड्डाच धरत नाही आणि लवकरची जात उशिरा लावली तर गड्डा लहान राहतो. वांग्यात मांजरी गोटा घ्या: गोल, जांभळं, पांढऱ्या रेषांचं, भरल्या वांग्याला यासारखं दुसरं नाही. काटे असतात, तोडताना जपून.

खिडकी कोणती, यावर बरेच जण फसतात, कारण त्यांनी ऊन उन्हाळ्यात पाहिलेलं असतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही ऊन येतं. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेला सरकतो आणि तीच खिडकी अंधारी होते. हिवाळी रोपांना दक्षिणेची खिडकी उत्तम, पूर्वेची चालेल. ऑक्टोबरातल्या एखाद्या दिवशी घरी थांबून ऊन किती वेळ टिकतं ते पाहा. पाच तास थेट ऊन नसेल तर घरात रोपं करू नका, विकत आणा. ट्रेच्या खोलीकडच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, थोडा उजेड परत फिरतो. ट्रे रोज फिरवा. ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर जाळी लावा; कबुतरं कोवळी रोपं एका सकाळीत उपटतात. ट्रेखाली परात ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळतं.

९८ कप्प्यांचा प्रोट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटिमीटरचा, आडवे ७ आणि उभे १४ कप्पे. तो कात्रीने मधोमध कापा. ४९-४९ कप्प्यांचे दोन तुकडे होतात आणि अरुंद कट्ट्यावर सहज बसतात. एका घराला १२ टोमॅटो, ६ वांगी, ६ मिरच्या आणि वीसेक कोबी-फुलकोबी भरपूर होतात. प्रत्येकाची चार-पाच जास्तीची धरा, नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, लागतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो) दोनदा साध्या पाण्याने धुऊन घ्या म्हणजे त्यातले क्षार निघतात, आणि त्यात तिसरा हिस्सा गांडूळखत. अख्खी मोठी वीट आणू नका. ती भिजून फुगली की घरात ठेवायला जागा उरत नाही.

पेरायच्या तारखा मागून मोजा. लागवडीचा दिवस धरा, त्याआधी मिरची ४० दिवस, वांगी ३५, टोमॅटो आणि कोबी २५ ते २८. म्हणजे मिरची-वांग्याचा तुकडा आधी आणि टोमॅटो-कोबीचा नंतर, दोन्ही एकाच सुमारास बाहेर पडतात. पण हा हिशेब सुरू कधी करायचा? वाफे तयार झाल्यावरच. दसऱ्याला बी पेरायची इच्छा होते, दुकानात पाकिटं मांडलेली असतात, ओळखीचे लोक आपापल्या ट्रेचे फोटो पाठवतात. थांबा. दसऱ्यालाही पाऊस पडत असेल आणि जमीन चिखल असेल तर तुमचा हंगाम सुरू झालेला नाही. दोन आठवडे उशिरा पेरलेल्या टोमॅटोचं काहीही बिघडत नाही. चाळीस दिवस ट्रेमध्ये अडकलेल्याचं बिघडतं. ‘रोपं वाढतायत तोवर महिनाभर आहे, तेवढ्यात खणून होईल’ हा विचार मनात आला की तिथेच थांबवा. त्या महिन्यात दिवाळी असते, घरी पाहुणे असतात, आणि खणणं होत नाही.

एका कप्प्यात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. उगवेपर्यंत वरून वर्तमानपत्र झाका आणि रोज उचलून पाहा. पहिला कोंब दिसला की त्याच क्षणी झाकण काढा. कोबी तीन-चार दिवसांत वर येते, टोमॅटो आठवड्यात, मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, तिला उकरून पाहू नका. पाणी सकाळी, बेताचं. वरचा थर सतत ओला राहिला की रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात आणि एकदा सुरू झालं की शेजारची पण जातात. संध्याकाळी पाणी देऊ नका. खिडकीची काच दिवसा उघडी ठेवा, वारा लागला की खोड जाड होतं.

लागवडीच्या आठवडाभर आधी पाणी कमी करा आणि ट्रे पूर्ण उघड्या उन्हात न्या, आधी तासभर, मग वाढवत. काचेमागे वाढलेलं रोप एकदम रानातल्या उन्हात गेलं की पानं पांढरी पडतात.

लागवड उन्हं उतरल्यावर. आधी वाफा ओला, ट्रेही ओला. टोमॅटो, मिरची ६० बाय ४५ सेंटिमीटर, वांगी ७५ बाय ६०, कोबी ४५ बाय ४५. टोमॅटो खोल, बाकीची ट्रेमध्ये होती तेवढीच. लगेच पाणी, चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. आठवड्याने नांग्या भरा. उसाचं पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, खोडाला चिकटवून नाही.

भेंडीचं बी रात्री भिजवा. धणे रगडून दोन फाकी करा. मेथी, कोथिंबीर सगळी एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक ओळ. कांद्याची जुडी आणाल त्याच दिवशी लावा, आणि तिच्यासाठीही तेच: वाफा तयार नसेल तर जुडी आणू नका. टोमॅटोला बांबू लागवडीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवले तर मुळं तुटतात. सुतळी सैल बांधा.