पहिल्यांदाच मशीनमध्ये अंडी उबवताना

कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि एकवीस दिवस तिच्या वाटेला जायचं नाही, ही आमच्या सासूबाईंची पद्धत. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की आपल्याला पिल्लं हवी असतात तेव्हा कोंबडी खुडूक होत नाही. म्हणून मशीन घ्यावं लागतं. त्यातही पन्नास अंड्यांचं छोटं, आत पंखा असलेलं मशीन घ्या. थर्माकोलचा डबा, बल्ब आणि ऑनलाइन मिळणारी थर्मोस्टॅटची पाटी जोडूनही चालतं, पण तेव्हा आत कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवाच. पंखा नसेल तर वरची हवा गरम आणि खालची गार राहते, आणि एकाच डब्यातली काही अंडी शिजतात तर काही गारठतात.

आधी हंगाम बघा. आम्ही सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला वस्तीवर राहतो. इथे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही. अंड्याला लागतात ३७.५ अंश सेल्सिअस. खोलीच त्याच्या वर गेली तर मशीन हीटर बंद करून नुसतं बघत बसतं. एखादा अंश कमी पडला तर पिल्लं उशिरा निघतात, पण तापमान बराच वेळ ३९च्या वर राहिलं तर ती आतच मरतात. म्हणून पहिली खेप दिवाळी ते होळी या काळात लावा. मशीन घराच्या आतल्या खोलीत, ऊन आणि वाऱ्याचा झोत लागणार नाही असं ठेवा.

आता अंडी. दुकानातली पांढरी अंडी कितीही उबवली तरी त्यातून काही निघत नाही, कारण त्या फार्मवर कोंबडाच नसतो. आठवडी बाजारातली गावरान अंडी कधी घातलेली, किती उन्हात बसलेली, याचा पत्ता नसतो. अंडी घरची घ्या, नाहीतर अशा शेजाऱ्याकडची, ज्याच्या आठ-दहा कोंबड्यांत एक तरणा कोंबडा हिंडताना तुम्ही स्वतः पाहिला आहे. तलंगेने नुकतीच घालायला सुरुवात केलेली बारकी अंडी नकोत, फार मोठी नकोत, वेडीवाकडी नकोत. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून आवाज ऐका. तडा असेल तर आवाज बसका येतो.

गोळा केलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवू नका आणि धुऊ नका. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. पाण्याने तो निघून जातो. शेण लागलं असेल तर ते अंडं सरळ खायला घ्या. बाकीची टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे तो माठाच्या मागचा कोपरा आहे. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी लावू नका. एसटीने किंवा मोटारसायकलवर आलेली असतील तर लावण्याआधी एक रात्र तशीच टोक खाली करून स्थिर राहू द्या.

मशीन आलं की लगेच अंडी भरायची घाई करू नका. एक पूर्ण दिवस-रात्र ते रिकामं चालवा. आणि त्याच्या पाटीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. हे मी दोनदा सांगेन, कारण नवीन माणसाची खेप फसण्याचं एक मोठं कारण हेच. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर बहुतेक घरांत असतो. वाटीत कोमट पाणी घ्या. मशीनची सेन्सरची वायर पाण्यात चालणारी असेल तर तिचं टोक आणि थर्मामीटरचं टोक शेजारी शेजारी बुडवा आणि दोन्ही आकडे जुळवा. आपले थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये असतात, त्यात ३७.५ म्हणजे ९९.५. मशीन अर्धा अंश चुकीचं दाखवत असेल तर तो फरक धरून सेट करा. बिनपंख्याच्या डब्यात मात्र अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५च्या आसपास ठेवावं लागतं.

ओलाव्याचं मीटर तपासायची युक्ती आणखी सोपी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात ते ओलं होईल एवढंच पाणी टाका, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत सात-आठ तास ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. ६९ दाखवले, तर तुमचं मीटर सहा कमी दाखवतं एवढं पक्कं समजा आणि तसं भिंतीवर लिहून ठेवा.

अंडी शनिवारी संध्याकाळी लावा. असं का? एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणजे पिल्लंही शनिवारच्या आसपास निघतात आणि रविवारी घरात माणसं असतात. लावला तो दिवस शून्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दिवस पूर्ण झाला असं धरायचं. यात चूक झाली की पुढचं सगळं एक दिवस सरकतं.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. स्केचपेन नको. हाताने फिरवत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा यासाठी, की रात्रीचा लांब वेळ रोज एकाच बाजूवर जाऊ नये. अंडं न हलवता ठेवलं तर बलक वर तरंगत जातो आणि गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे काम चोचीने दिवसभर करत असते. मशीन आपोआप फिरवणारं असेल तरी ते खरंच फिरवतंय का हे त्या फुल्यांवरून दोन दिवस बघा. अंड्यांना हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.

ओलाव्यावर थोडं जास्त बोलते, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, हा पुस्तकातला आकडा. पण आमच्या कोरड्या हिवाळ्यात मशीनमधली पाण्याची पन्हाळी रोज भरावी लागते, तर कोकणात पावसात पाणी न घालताही मीटर साठच्या वर असतं. म्हणून मी मीटरपेक्षा अंड्याला विचारते. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. कवचातून पाण्याची वाफ उडत जाते तशी ती वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास त्याच पोकळीतून घेतं. ओलावा जास्त राहिला तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगून आतच घुसमटतं. कमी राहिला तर पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो.

हे मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. लावताना सगळी अंडी एकत्र तोला. अठरा दिवसांत वजन साधारण १२ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. समजा वीस गावरान अंडी मिळून ९०० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती ८५५च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ७९०च्या आसपास हवीत. मधे अंडी काढून टाकली तर त्यांचं वजन हिशोबातून वजा करायला विसरू नका. वजन हळू उतरत असेल तर पाणी कमी करा, भराभर उतरत असेल तर वाढवा. पाणी कोमटच घाला.

सातव्या रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाइलची टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावा. बोटांनी कडेचा उजेड झाका. जिवंत अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्यातून चौफेर लाल शिरा दिसतात, कोळी पाय पसरून बसल्यासारख्या. काहीच दिसलं नाही, नुसता पिवळा उजेड, तर ते अंडं वांझ. लाल कडं दिसलं आणि शिरा नाहीत, तर गर्भ मेला आहे. ही दोन्ही काढा, कारण सडलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं तर बाकीच्यांनाही बाधतं. तपकिरी कवचातून नीट दिसत नाही, तिथे शंका असेल तर दहाव्या दिवसापर्यंत राहू द्या. अंडी पाण्यात टाकून बघायची सवय असते काहींना. उबवणीच्या अंड्याला ती नको.

वीज जाणार हे धरूनच चाला. साधा घरचा इन्व्हर्टर छोट्या मशीनला पुरतो. तोही नसेल तर आत रिकाम्या जागेत पाण्याच्या दोन बंद बाटल्या पहिल्यापासून ठेवा, त्या ऊब धरून ठेवतात. वीज गेली की झाकण उघडायचं नाही. वरून गोधडी टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा, शेवटच्या आठवड्यात तर नक्कीच, कारण तेव्हा मोठ्या झालेल्या पिल्लांना हवा जास्त लागते. तास-दीड तासाने काही बिघडत नाही. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्याला रोज थोडा वेळ उठतेच की.

अठरावा दिवस म्हणजे बुधवार. फिरवणं बंद. अंडी आडवी ठेवा आणि खाली जाळीदार रबरी चटई किंवा स्वच्छ गोणपाटाचा तुकडा अंथरा. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि ती मग उभीच राहत नाहीत. ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या, हवेची भोकं उघडा आणि झाकण लावा. इथून पुढे मशीन उघडायचं नाही.

हे सगळ्यांत अवघड. एकोणीस-वीसाव्या दिवशी आतून चिवचिव येते, मग एका अंड्याला टोच पडते, आणि त्यानंतर कित्येक तास काहीच होत नाही. घरातली मुलं दर दहा मिनिटांनी येऊन विचारतात. पिल्लू मेलं नसतं. ते फुप्फुसाने श्वास घ्यायला शिकत असतं आणि उरलेला बलक व रक्त आत ओढून घेत असतं. पहिल्या टोचेपासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणं अगदी नेहमीचं आहे. मधेच कवच सोललंत तर पापुद्र्यातल्या जिवंत शिरा तुटून रक्त येतं. झाकण उघडलंत तर ओलावा एकदम पडतो आणि टोच मारलेल्या बाकीच्यांचे पापुद्रे वाळतात. सासूबाई याबाबतीत मशीनपेक्षा कडक आहेत, त्या खोलीलाच कडी घालतात.

निघालेली पिल्लं कोरडी आणि फुगीर होईपर्यंत आतच राहू द्या. पोटात बलक असतो, दोन दिवस दाणा-पाणी नसलं तरी ती तग धरतात. पण म्हणून मुद्दाम उशीर करू नका. दिवसातून एकदाच झाकण उघडून कोरडी तेवढी पटकन काढून घ्या. बाविसाव्या दिवसानंतर न टोचलेली अंडी खड्ड्यात पुरा, उकिरड्यावर टाकलीत तर कुत्र्यांना चटक लागते. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली तर मी ती चांगली खेप म्हणेन.

खोक्यात भुईमुगाच्या टरफलांचा किंवा लाकडाच्या भुश्याचा थर, वर बल्ब, आणि पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर गरम होतंय. पहिलं पाणी उकळून गार केलेलं, त्यात थोडा गूळ. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावा. उथळ भांड्यात गारगोट्या टाका, नाहीतर बुडतात. खायला पिल्लांचं स्टार्टर खाद्य द्या. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पोट भरतं, हाडं भरत नाहीत.

घरात त्याच वेळी एखादी खुडूक कोंबडी असेल तर बल्बचा खटाटोपच नको. रात्री अंधारात तिच्याखालची अंडी हळूच काढून एक दिवसाची पिल्लं सरकवा. सकाळी बहुतेक कोंबड्या ती आपलीच समजून फिरवायला लागतात. तरी पहाटे उठून बघा, एखादी टोचते. तशी असेल तर पिल्लं लगेच परत खोक्यात.

आणि पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगावरची. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि मिसळल्यावर बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळे आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून आजूबाजूच्या दोन-चार वस्त्यांना त्याच सकाळी आपापली पिल्लं घेऊन बोलवा.