गाडी धुण्याचं ऑटोमॅटिक मशीन मधूनच थांबतं? बिघाड असा शोधा

सकाळी मशीन नीट चालतं, दुपारी गँट्री (गाडीवरून रुळांवर सरकणारी कमान) अर्ध्यात थांबते आणि वायरमन येईस्तोवर पुन्हा आपोआप सुरू होते. अशा वेळी बहुतेक वॉशिंग सेंटरवर आधी सेन्सर बदलला जातो, मग पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) संशय जातो. पीएलसी क्वचितच बिघडतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला काहीतरी निमित्त असतं: ठरावीक वेळ, रुळावरची ठरावीक जागा, ऊन किंवा पाणी. आधी ते निमित्त शोधा, पाना-पेचकस नंतर.

कंट्रोल पॅनेलला वही बांधा

मशीन थांबलं की रीसेट दाबण्याआधी लिहा: किती वाजले, गँट्री कुठे होती, फेस, ब्रश की ब्लोअर चालू होता, व्होल्टमीटरवरचा आकडा, ड्राइव्हवरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रावरचा) कोड आणि पीएलसीच्या इनपुटचे कोणते दिवे लागले होते. मोबाइलनं पॅनेलचा फोटो काढला तरी चालेल. रीसेट केलं की यातलं बरंच पुसलं जातं. आठ-दहा नोंदी झाल्या की कल दिसू लागतो.

ठरावीक वेळेला थांबत असेल तर

रब्बीत शेतीपंप चालू झाले की लाइनचा दाब (व्होल्टेज) उतरतो. दोन फेजमध्ये 415 च्या जागी 350-360 व्होल्ट मिळत असतील तर ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवून ट्रिप होऊ शकतो (स्वतःला बंद करतो), कॉन्टॅक्टर (मोटरचा चुंबकी स्विच) थरथरू शकतो आणि पंपाची मोटर जास्त करंट ओढून ओव्हरलोड रिले (मोटरला जळण्यापासून वाचवणारा स्विच) पाडू शकते. रिलेचं सेटिंग वाढवून काम भागवू नका, मोटर जळेल. सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरइतकंच ठेवा.

मोजमाप पंप आणि ब्लोअर चालू असताना घ्या, रिकाम्या मशीनचा आकडा फसवतो. मीटरपाशी दाब ठीक आणि पॅनेलमध्ये कमी असेल तर मधला एखादा लग (तारेच्या टोकाचा जोड) ढिला किंवा जळका आहे. 24 व्होल्टचा सप्लायही सगळे व्हॉल्व्ह उघडे असताना तपासा. तो बराच खाली जात असेल तर सेन्सर मधूनच बंद पडतील आणि दोष नसताना तेच बदलले जातील.

उन्हाळ्यात 45 अंशांत टिनाच्या शेडमधलं पॅनेल याहून बरंच तापतं, आणि बहुतेक ड्राइव्ह 40 अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेनं चालतात. पंख्याची जाळी धूळ आणि कापसाच्या तंतूंनी भरली असेल तर ड्राइव्ह दुपारीच ट्रिप होणार. जाळी दर आठवड्याला झटका. दार उघडं ठेवणं हा उपाय नव्हे. आत पाल आणि मुंग्या शिरतात, त्या कॉन्टॅक्टरमध्ये चिरडल्या की नवा बिघाड सुरू.

फक्त सूर्य कलल्यावर थांबत असेल तर फोटोसेन्सर पाहा. त्यात ट्रान्समीटर प्रकाशकिरण सोडतो आणि समोरचा रिसीव्हर तो पकडतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या रिसीव्हरमध्ये ऊन थेट शिरतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची अदलाबदल करा किंवा वर उन्हाला आडोसा म्हणून छोटी झापड लावा.

पाण्यामुळे

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, बोअरचं पाणी वाळलं की सेन्सरच्या काचेवर पांढरा थर बसतो. ओली असताना काच साफ दिसते, वाळली की सेन्सर आंधळा होतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्यानं पुसा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा पॉलिश पेपर अजिबात नको.

हाच क्षार सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर उघडणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हच्या) बारीक छिद्रात अडकतो. कॉइलला 24 व्होल्ट मिळतात, वर पेचकस टेकवला तर चिकटतो, पण पाणी येत नाही: मग वायरिंगला हात लावू नका, व्हॉल्व्ह उघडून डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि छिद्र धुवा.

एकाच जागी थांबत असेल तर

इथे बहुतेकदा केबल चेनमधली (गँट्रीबरोबर वाकत सरकणाऱ्या, केबल धरणाऱ्या साखळीतली) तार तुटलेली असते. वरून आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. चेन वाकली की टोकं सुटतात, सरळ झाली की जुळतात. मेन स्विच बंद करून कुलूप लावा, ड्राइव्हमधला चार्ज उतरायला दहा मिनिटं थांबा. संशयित तारेची दोन्ही टोकं सोडा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला चेन हळूहळू वाकवायला सांगा. बीप तुटला, तार सापडली. केबलमधली मोकळी तार वापरा. चेनच्या आत जोड देऊ नका, महिन्याभरात तो सुटेल. नवी केबल चेनसाठीचीच लवचिक घ्या, घरगुती वायर लवकर कडक होते. मेगर (तारेचं आवरण तपासणारं जास्त व्होल्टचं मीटर) लावायचाच असेल तर ड्राइव्ह आणि पीएलसीच्या तारा सोडूनच, नाहीतर 500 व्होल्ट त्यांच्यात जातील.

पावसाळ्यात

जंक्शन बॉक्सचे (तारा जोडायच्या पेटीचे) ग्लँड, म्हणजे केबल आत जाते ती तोंडं, खाली करून लावा आणि केबलला ग्लँडआधी खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

सुटे भाग नागपूरहून मागवण्यात दिवस जातो. एक फोटोसेन्सर, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा), दोन व्हॉल्व्ह कॉइल आणि चेनची केबल जागेवर ठेवा.