फसलेल्या चकलीची चिठ्ठी

चकली वर्षातून एकदाच होते. गेल्या दिवाळीत काय चुकलं होतं ते या दिवाळीला कुणालाच आठवत नाही, आणि पहिला घाणा पुन्हा फसतो. म्हणून मी आता भाजणीच्या डब्यातच चिठ्ठी ठेवते.

१. सगळी भाजणी एकदम भिजवू नका. एकच वाटी घ्या, मोहन (पिठात घालायचं गरम तेल) आणि पाणीही मोजून.

२. दोनच चकल्या तळा. बिघडल्या तरी टाकायच्या नाहीत. पूर्ण गार झाल्या की मोडून बघा. गरम चकली मऊच लागते, तिच्यावरून काही ठरवू नये.

३. काय झालं ते लगेच लिहा. तेलात विरघळली तर मोहन जास्त. दगडासारखी झाली तर मोहन कमी. सोऱ्यातून पडतानाच तुटली तर पीठ घट्ट, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. वरून लाल, आत मऊ, म्हणजे आच मोठी होती.

४. पुढच्या वाटीला तेवढंच बदला.

माझ्या तेलकट चिठ्ठीवर आहे: ‘वाटीला ३ चमचे तेल, विरघळली. दीड चमचा, जमली.’ परवा शंकरपाळे तेलात सुटायला लागले तेव्हा हीच ओळ आठवली. उरलेल्या गोळ्यात थोडा मैदा मळला, पुढचा घाणा शाबूत निघाला.

फक्त एक लक्षात ठेवा: मोहन, पाणी आणि आच एकाच वेळी बदलू नका. चकली जमेलही, पण चिठ्ठीत काय लिहिणार?