ओंटारिओत को-ऑप घेताय? या चुका टाळा

कॅनडातल्या ओंटारिओच्या हायस्कूलमध्ये मुलानं को-ऑप (म्हणजे शाळेच्या क्रेडिट्ससाठी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणं) घ्यायचं म्हटलं की अनेक मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, "का रे, अभ्यास झेपत नाही का?" पहिली चूक इथेच होते. को-ऑपची क्रेडिट्स हायस्कूल डिप्लोमाच्या ३० क्रेडिट्समध्ये रीतसर धरली जातात. नर्सिंगला जायचं ठरवलेल्या मुलाला वृद्धाश्रमात काही आठवडे काढल्यावर "हे काम माझं नाही" असं उमगलं, तर तेही फार मोलाचं आहे. कॉलेजची फी भरून बसल्यावर ते कळण्यापेक्षा सतराव्या वर्षी कळलेलं बरं.

हिशेब मात्र आधी करा. एका क्रेडिटला ११० तास लागतात. दोन क्रेडिट्स घेतली तर सेमिस्टरभर अर्धा दिवस त्यातच जातो. युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी बारावीचे सहा विषय बघतात, त्यात को-ऑप धरत नाहीत. त्यामुळे केमिस्ट्री किंवा कॅल्क्युलस सोडून को-ऑप घेऊ नका. शक्य असेल तर अकरावीतच उरका. आणि हे तास डिप्लोमासाठी लागणाऱ्या ४० तासांच्या समाजसेवेतही मोजता येत नाहीत. ते वेगळे करावे लागतात.

सगळ्यात जास्त घोळ कागदपत्रांचा होतो. वर्क एज्युकेशन अ‍ॅग्रीमेंटवर विद्यार्थी, पालक, शाळा आणि मालक अशा सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक दिवसही कामाला जाऊ नका. बिनपगारी विद्यार्थ्याला कामावर दुखापत झाली तर मिळणारं विमा-संरक्षण याच कागदावर अवलंबून असतं. "सोमवारपासून ये, फॉर्म मागाहून बघू" असं मालक कितीही प्रेमानं म्हणाला तरी थांबा. हॉस्पिटलसारख्या ठिकाणी लसीकरणाची नोंद आणि टीबीची चाचणी मागतात, डे-केअरमध्ये पोलीस तपासणीही. त्याला वेळ लागतो, म्हणून जागा पक्की होण्याची वाट न बघता आधीच सुरुवात करा.

प्लेसमेंट, म्हणजे कामाची जागा, मिळाली, पण दिवसभर नुसते खोके उचलायला लावतात? मुलं महिनोन्‌महिने गप्प बसतात, कारण मोठ्यांना उलट बोलू नये हे आपणच शिकवलेलं असतं. लर्निंग प्लॅनमध्ये काय शिकायचं ते लिहिलेलं असतं. तो घेऊन आधी सुपरवायझरशी बोलायचं, फरक पडला नाही तर लगेच को-ऑप शिक्षकांना सांगायचं. गरज पडली तर ते जागा बदलून देण्याचा प्रयत्न करतात. काम धोक्याचं वाटलं तर मात्र वाट बघत बसायचं नाही. असं काम नाकारण्याचा हक्क बिनपगारी को-ऑप विद्यार्थ्यांनाही २०१४ पासून कायद्यानं आहे. नकार तिथल्या तिथे सुपरवायझरला कळवायचा आणि त्याच दिवशी शाळेत फोन करायचा.